आंबोलीच्या जंगलात पाय सांभाळून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : आंबोलीतली पावसाळी जंगलभ्रमंती आणि पायाखाली जाणारे जीव

मे महिना उतरणीला लागला की आंबोलीच्या चौकश्या सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय काय दिसेल?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ताडोबा असते. उघडी जिप्सी, पाणवठा, वाघ. इथले जंगल तसे नाही. अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या दाटीत पंधरा-वीस फुटांपलीकडची नजर जात नाही, आणि पाहण्यासारखे जे आहे ते बहुतेक तळहातावर मावणारे. दोन तासांत एक किलोमीटर चालणाऱ्याला इथे पंधरा जातींचे बेडूक-साप-कीटक दिसतात. त्याच दोन तासांत सात-आठ किलोमीटर उरकणाऱ्याला झाडे दिसतात आणि दमायला होते. आणि जे दिसत नाही ते पायाखाली जाते. दरवर्षी हेच होते, म्हणून पाऊस सुरू होण्याआधी हे पत्र.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने कोरडे जातात, त्यामुळे काटेकोर भाषेत याला निमसदाहरित जंगल म्हणतात. पण या हिशेबातच इथल्या जिवांचे सगळे गणित आहे. अंडी घालायची, पिल्ले वाढवायची ती याच चार महिन्यांत. काहींना तर पहिले तीनच आठवडे मिळतात, आणि नेमकी तेव्हाच पर्यटकांची पहिली लाट येते.

आंबोली टोडचे उदाहरण घ्या. अंगाच्या कडेला वाघासारखे पट्टे असलेला हा अंगठ्याएवढा भेक. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिले. आंबोलीच्या आसपासचा पट्टा सोडला तर तो कुठेच सापडत नाही. धोक्यातल्या जिवांच्या जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त वर्गात आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या आधीच्या पायरीवर. हा भेक तळ्यात किंवा ओढ्यात अंडी घालत नाही. पहिल्या जोरदार सरी झाल्या की जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट उघड्या कातळपठारावर, जे खळगे भरतात, त्यांत घालतो. खळगा जेवणाच्या ताटाएवढा, पाणी जेमतेम बोटाच्या दोन पेरांइतके. पाऊस आठ दिवस रुसला तर तो खळगा आटतो आणि आतली सगळी पिल्ले वाळून जातात. हा निसर्गाचा जुगार तो हजारो वर्षे खेळत आलाय. मोटारीचे चाक मात्र त्या जुगारात नव्हते. सडा सपाट, मोकळा आणि दृश्य चांगले, म्हणून गाडी थेट वर चढवली जाते. चाकाखाली एका फटक्यात पाच-सहा खळगे जातात आणि चालवणाऱ्याला पाणी उडाले एवढेच कळते. पुढे वाटाड्या असेल तर तोही कधी कधी 'शॉर्टकट' म्हणून याच सड्यावरून माणसे नेतो. सड्यावर चालायचेच असेल तर उंचवट्यावरचा कोरडा कातळ धरून, एकामागे एक. पाण्याच्या खळग्यात पाय नको, मग तो कितीही रिकामा दिसो. अंडी काळसर आणि बारीक असतात, वरून पाहिले तर कचरा वाटतो.

दुसरा जीव मलबारी उडता बेडूक. हिरवागार, बोटांमध्ये लाल-केशरी पडदे, आणि हल्ली सगळ्यांना त्याचाच फोटो हवा असतो. मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मागच्या पायांनी स्राव घुसळून फेस करते आणि त्यात अंडी घालते. पांढरा गोळा, आजूबाजूची पाने त्यालाच चिकटलेली. आठवडाभराने फेस मऊ पडतो आणि बेडूकमासे टपटप खालच्या पाण्यात पडतात. याचा अर्थ सरळ आहे. गोळ्याच्या बरोबर खाली पाणी असलेच पाहिजे. फोटोला आड येते म्हणून फांदी वाकवली, बाजूला बांधून ठेवली किंवा चार पाने तोडली, की पिल्ले जमिनीवर पडून मरतात. पाने काढल्याने फेस ऊन-वाऱ्याला उघडा पडून वरून कडक होतो तो वेगळाच. गोळा दिसला तर हात न लावता आधी खाली बघावे. तिथे सिमेंटची टाकी किंवा हौद असेल तर तोही उपसू नये.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. धबधब्याशेजारच्या ज्या कातळावरून पाण्याचा पातळ पडदा सतत झिरपत असतो, त्यावर नखाएवढे तपकिरी ठिपके चिकटलेले असतात. बोट जवळ नेले की उडी मारून दुसरीकडे चिकटतात. ते इंडिराना गटातल्या बेडकांचे बेडूकमासे. लांब शेपटी, मागचे पाय लवकर फुटलेले, आणि पाण्यात पोहण्याऐवजी ओल्या दगडावर राहणारे. आपण ज्याला 'शेवाळलेला दगड' म्हणून बूट घासत चढतो, तो त्यांचा पाळणा असतो. त्या दगडावर साबण लावून आंघोळ करणे तर केवळ अक्षम्य.

हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी सापडलेला छोटा मासा २०२० मध्ये शास्त्राला नव्याने कळला आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तिथे माशांना कुरमुरे, पाव, फुटाणे टाकू नयेत. पाणी कुजते, बाकी काही साधत नाही.

आता चालण्याविषयी. एका वाटाड्यामागे सहा ते आठ माणसे, त्याहून जास्त नाही. नवव्या माणसाला वाटाड्या काय दाखवतोय ते दिसत नाही, म्हणून तो वाट सोडून कडेच्या पालापाचोळ्यात उतरतो, आणि पाचोळ्यातच सगळे बसलेले असते. रात्रीची फेरी सात ते साडेनऊ पुरेशी होते. कपाळावरच्या दिव्याने तोंडाभोवती किडे जमतात, त्यापेक्षा साधी हातबत्ती कानशिलाजवळ धरून नजरेच्या रेषेत फिरवावी. बेडकांचे आणि कोळ्यांचे डोळे परत चमकतात आणि ते आपोआप सापडतात. बत्ती कमरेशी धरली तर ही चमक डोळ्यांपर्यंत येतच नाही. दोनशे-तीनशे ल्युमेन (उजेडाचे माप) भरपूर झाले. हजार ल्युमेनच्या बत्तीने बेडूक आंधळ्यासारखा जागीच खिळतो आणि ओरडणे थांबवतो. नर ओरडायचा थांबला की त्या रात्री त्याला मादी मिळत नाही, एवढी साधी गोष्ट आहे ही. ओढ्याकाठी पोचल्यावर सगळ्यांनी दिवे विझवून दहा मिनिटे उभे राहावे. पाचव्या मिनिटाला आवाज परत सुरू होतात, आणि नुसत्या कानांनी तीन-चार जाती वेगळ्या ओळखता येतात. फोटो एका जिवाचे चार-पाच, बस. फ्लॅश लावायचाच तर त्यावर पांढरा पडदा हवा. पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाइलवर त्यांचाच आवाज वाजवणे पूर्ण बंद असावे.

चापडा दाखवा, असा आग्रह प्रत्येक गटात होतो. मलबारी चापडा हा विषारी साप हिरवा, पिवळा, तपकिरी अशा अनेक रंगांत असतो आणि झुडपावर, बहुधा कमरेच्या उंचीला, वेटोळे करून बेडकाची वाट बघत बसतो. एकाच फांदीवर तो अनेक रात्री बसतो. त्याचा ठावठिकाणा एकदा पसरला की रोज संध्याकाळी त्याच्यासमोर माणसांची रांग लागते आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला काठीने 'चांगल्या' फांदीवर हलवतो. हे गैर तर आहेच, बेकायदाही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत पकडणे आणि हाकणेही येते. चापड्यापासून हातभर अंतर पुरत नाही, दीड मीटर ठेवा. आणि चढताना आधारासाठी झुडूप पकडायची सवय मोडा. इथले बहुतेक दंश हातालाच होण्यासारखे असतात, कारण साप पायाच्या नाही, हाताच्या उंचीवर असतो. काठी सोबत ठेवा, ती तोल सांभाळायला.

दंश झालाच तर एक गोष्ट आधी माहीत असावी. आपल्याकडे मिळणारी सर्पविषप्रतिबंधक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरची आहे, चापड्यावरची नाही. चापड्याच्या दंशाने सहसा जीव जात नाही, पण वेदना आणि सूज जबर असते आणि इलाज लक्षणांवरच करावा लागतो. त्यामुळे कोणता साप ते डॉक्टरांना सांगता आले तर फार उपयोग होतो. त्यासाठी साप मारू किंवा पकडू नये. बत्तीच्या उजेडात दुरून एक फोटो मिळाला तर घ्यावा, नाहीतर राहू द्यावा. अंगठी, घड्याळ, कडे लगेच काढावे, कारण सूज चढल्यावर ते निघत नाही. हात फळीला किंवा छत्रीच्या दांड्याला बांधून स्थिर करावा. दोरी आवळणे, चिरा देणे, तोंडाने ओढणे यांतले काहीही करू नये. १०८ ला फोन करावा, आणि फोन लागत नसेल तर (चौकुळच्या बाजूला बऱ्याचदा लागत नाही) एकाने रुग्णाजवळ थांबून दुसऱ्याने रस्त्यावर यावे. कोणत्या जागी नेटवर्क येते हे निघण्याआधीच वाटाड्याला विचारून ठेवा.

सापाहून जास्त भीती लोकांना जळवांची असते, आणि त्या भीतीतून सगळ्यांत जास्त नुकसान होते. जळू आपला श्वास, ऊब आणि पावलांची थरथर ओळखून येते. म्हणून ओळीत तिसऱ्या-चौथ्या माणसाला जास्त लागतात, पहिल्याने त्यांना जागे केलेले असते. उपाय कपड्यांचा आहे. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे कापडी जळूमोजे मिळतात, ते पँटच्या वरून चढवून नाडी बांधायची. साध्या लोकरी मोज्यांच्या विणीतून जळू सहज आत शिरते. जीन्स नको, ती भिजून जड होते आणि सालटी काढते. जळू चिकटली तर तिच्या निमुळत्या टोकाशी कातडीवर नख सपाट सरकवावे, ती सुटते. मीठ, तंबाखू, काडी लावली तर ती पोटातले जखमेत ओकते आणि जखम पिकू शकते. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून ते तासभर किंवा जास्त वाहते. घाबरण्यासारखे त्यात नाही, धुऊन कापडाने दाबून ठेवावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र जळवांच्या दिवसांत जंगलात शिरूच नये.

मोज्यांवर तंबाखूचे पाणी, मिठाची पुरचुंडी, हातापायांना डास पळवणारे मलम, हे सर्रास चालते. बेडूक कातडीने पाणी पितो आणि कातडीने श्वासही घेतो. जे औषध आपल्या हाताला नुसते चरचरते ते त्याला मारू शकते. असे मलम लावलेल्या हाताने बेडूक उचलणे म्हणजे त्याच्यावर विष फासणे. पावसाळ्यात मलमाऐवजी पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि बेडकाला मलम नसलेल्या हातानेही उचलू नका. बुटांचेही तेच. बेडकांना होणारी कायट्रिड नावाची बुरशी उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर आढळल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे, आणि ती ओल्या चिखलाबरोबर एका ओढ्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. आदल्या आठवड्यात दुसऱ्या घाटात वापरलेले बूट तसेच इथे आणू नका. ब्रशने चिखल काढून पूर्ण वाळवा. जुलैत काहीच वाळत नाही हे खरे, तेव्हा गमबूट साठ अंशांहून गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवले तरी काम होते. शिवाय गमबूट इथे उपयोगाचा असला तरी गुळगुळीत तळव्याचा नको, ओल्या जांभ्यावर तो बर्फासारखा घसरतो.

कॅमेरा आणि दुर्बीण एसी गाडीतून काढल्याबरोबर त्यांच्यावर वाफ धरते, ती पुसत बसण्यात पहिला अर्धा तास जातो. शेवटचे वीस मिनिटे एसी बंद ठेवा. रेनकोटपेक्षा छत्री बरी. रेनकोटच्या खसखशीत काही ऐकू येत नाही आणि आत घामाने भिजायला होतेच.

धोके खरे आहेत, पण ते लोक समजतात तिथे नाहीत. ओढ्यात उभे असताना पाणी गढूळ व्हायला लागले, काटक्या-पाने वाहून आली किंवा आवाज जड झाला तर वर कुठेतरी पाऊस कोसळलाय. सामान सोडून काठावर या. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी. कावळेसाद आणि महादेवगडाच्या बाजूला धुके दोन मिनिटांत उतरते. अशा वेळी कड्यापासून तीन मीटर मागे जमिनीवर बसून राहणे हाच शहाणपणा. रात्री रस्त्यावर गवा आडवा आला तर पन्नास मीटरवर थांबा, मोठा दिवा बारीक करा, हॉर्न वाजवू नका. तो फुसफुसत अंग आडवे करून उभा राहिला तर तो 'मागे हो' म्हणतोय. कारवीच्या दाट गचपणातून पहाटे किंवा तिन्हीसांजेला जाताना मात्र मुद्दाम बोलत किंवा टाळी वाजवत जावे, कारण अचानक समोर आलेले अस्वल पळत नाही, अंगावर येते. तिलारी-दोडामार्गाच्या खोऱ्यात २००२ पासून हत्तींचा वावर आहे, तिथे अंधारात पायी फिरू नये.

पावसाळ्याबाहेरचे थोडक्यात सांगतो. सप्टेंबर-ऑक्टोबर सड्यावरच्या सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद या रानफुलांचा आणि फुलपाखरांचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांचा. जानेवारीनंतर धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून भरवतो. ढोलीखाली माणसे उभी असली की तो फळ चोचीत धरून लांबच बसून राहतो आणि आत उपास घडतो. डिसेंबर ते मे माकडतापाचा काळ. २०१६ पासून दोडामार्ग आणि लगतच्या भागात हा आजार झालेला आहे. तो गोचिडांच्या बारीक पिल्लांमार्फत पसरतो. त्या महिन्यांत पाचोळ्यावर बसू नये, परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने आंघोळ करावी, मेलेले माकड दिसले तर हात न लावता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे न विचारता सांगावे. या महिन्यांत कीटकरोधक मलम जरूर लावा, पावसाळ्यातला नियम इथे उलटा होतो.

हे झाले येणाऱ्यांनी करायचे. काही गोष्टी त्यांच्या हातात नाहीत. आंबोली-दोडामार्गचे जंगल आता संवर्धन राखीव म्हणून घोषित आहे, तेव्हा वन विभाग, ग्रामपंचायती आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांनी मिळून चार कामे करावीत. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस पडलेल्या रात्री, सड्यांलगतच्या गावरस्त्यांवर ताशी वीस किलोमीटरची मर्यादा आणि ठिकठिकाणी गतिरोधक असावेत. बेडूक रस्ता ओलांडतात ते सात ते अकराच्या दरम्यान, एवढीच वेळ सांभाळायची आहे. रात्रफेरीला नोंदणी सक्तीची करून दर वाटाड्यामागे आठ माणसांची मर्यादा घालावी आणि नोंदणीचे पैसे गावच्या समितीकडे जावेत. चौकुळ आणि गेळे इथल्या तरुणांना ही पाखरे-बेडके शहरातल्या कुठल्याही तज्ज्ञाइतकी ओळखता येतात, आज मात्र बाहेरून गट घेऊन येणाराच कमाई नेतो. नाक्यावर एक ब्रश, एक पाण्याचा ट्रे आणि बूट धुवायची पाटी ठेवावी.

आणि सगळ्यांत आधी, सड्यांवर गाडी चढते त्या तोंडांशी चिऱ्यांची, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडांची, एक रांग टाकावी. माणूस ओलांडून जाईल, चाक जाणार नाही, एवढी दीड फूट उंच. सिमेंट नको, खड्डे नको, सडा खणायचा तर अजिबात नाही. चिरा इथलाच, मजूर गावातले, आणि एका सड्याला दोन दिवस पुरतात. मृगाच्या आधी हे झाले तर यंदाची अंडी वाचतील.

आपला,
एक निसर्ग अभ्यासक, सावंतवाडी तालुका